टूसॉनच्या निऑन पाट्या: काच, गंज आणि एक कलम

ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात 2011 पर्यंत जुन्या मोटेलच्या मालकापुढे एक पेच असायचा. बाहेर उंच खांबावर 1950 च्या सुमाराची निऑनची पाटी उभी आहे. पत्रा गंजलाय, निम्म्या नळ्या फुटल्यात. मालकाला ती दुरुस्त करायची आहे, पदरचे पैसे घालायची तयारी आहे. पण दुरुस्तीसाठी पाटी एकदा खाली उतरवली, की ती परत वर चढवायची परवानगी मिळत नसे. 1980 च्या दशकात शहराने पाट्यांसाठी कडक नियम केले होते. उंची किती असावी, आकार केवढा, दिवे हलते-लुकलुकते चालतील की नाही, या सगळ्याला मर्यादा आल्या आणि जुन्या पाट्या त्या मापात बसेनात. आहेत तिथे, आहेत तशा राहिल्या तर चालवून घेत. हलवल्या, की नवा नियम लागू. आपल्याकडे जुन्या वाड्याची रस्त्याकडची भिंत मालक वर्षानुवर्षं टेकू लावून उभी ठेवतो, कारण पाडली तर नवी भिंत मागे सरकवून बांधावी लागते. तसाच हा प्रकार.

मग व्हायचं तेच झालं. पाट्या उभ्या राहिल्या आणि जागच्या जागी सडत गेल्या. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. रस्त्यांच्या दुतर्फा उभं राहिलेलं जाहिरातींचं जंगल त्यांना विरळ करायचं होतं. पण 1948 ची हाताने घडवलेली पाटी आणि 1978 चा प्लॅस्टिकचा खोका यांत त्या नियमाला फरकच कळत नव्हता.

जुनी वस्तू वाचवायची म्हटलं, की आपल्याला पैसा आणि आस्था या दोनच गोष्टी आठवतात. टूसॉनमध्ये आस्था असलेली माणसं होती, पैसेही उभे करता आले असते, आणि तरी काम एका कलमापाशी अडलं होतं. ते कसं सुटलं आणि सुटल्यावर विझलेली पाटी पुन्हा पेटवायला काय काय करावं लागतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. त्याआधी ती पेटते कशी हे पाहू.

नळीच्या आत

निऑन हा वायू आपल्या सगळ्यांच्या आसपास असतो, पण अगदी थोडा. हवेच्या दहा लाख भागांत साधारण 18 भाग. विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी 1898 मध्ये लंडनला तो वेगळा काढला. हवा प्रचंड थंड करून तिचा द्रव करायचा आणि मग तो हळूहळू उकळू द्यायचा. प्रत्येक वायू आपापल्या तापमानाला बाहेर पडतो. असा मिळालेला वायू नळीत भरून त्यांनी वीज सोडली, तेव्हा नळी लालभडक उजळली. शोध मोठा होता, पण वायू मिळणार चमचाभर, त्यामुळे बाजारात त्याचा उपयोग काय, हे कोणाला सुचलं नाही.

ते सुचलं फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांना. हवा द्रवरूप करून ऑक्सिजन विकणाऱ्या एअर लिक्विड या कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक. कंपनी 1902 ची. ऑक्सिजन काढून झाल्यावर निऑन नको तितका शिल्लक राहायचा. 1910 च्या डिसेंबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी निऑनच्या लांबलचक नळ्या पेटवून दाखवल्या. त्यांचं खरं कसब इलेक्ट्रोडमध्ये होतं. नळीच्या टोकाला वीज जिथून आत शिरते तो धातूचा तुकडा आधीच्या नळ्यांत लवकर झिजायचा आणि नळी निकामी व्हायची. क्लोद यांनी तो मोठा आणि अत्यंत स्वच्छ ठेवला, त्यामुळे नळी टिकू लागली. या सुधारणेचं अमेरिकी पेटंट त्यांना 1915 मध्ये मिळालं, आणि 1920 च्या दशकात निऑन अमेरिकेच्या रस्त्यांवर पसरला. (पुढे दुसऱ्या महायुद्धात याच क्लोद यांनी नाझींची बाजू घेतली आणि 1945 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. शोधाबरोबर हेही सांगायला हवं.)

नळीत चालतं ते असं. काचेच्या नळीतली हवा पूर्ण उपसून काढतात आणि तिथे थोडासा निऑन सोडतात. त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या साधारण शंभराव्या भागाइतकाच ठेवतात. दोन्ही टोकांना हजारो व्होल्टचा विजेचा दाब देतात. पाटीमागचा ट्रान्सफॉर्मर 2,000 पासून 15,000 व्होल्टपर्यंत काहीही देऊ शकतो, पण प्रवाह मात्र अगदी थोडा, काही मिलीअँपिअर. विजेच्या त्या दाबाने इलेक्ट्रॉन नळीतून धावत सुटतात आणि वाटेत निऑनच्या अणूंवर आदळतात. धडक बसलेला अणू क्षणभर जास्तीची ऊर्जा धरून ठेवतो आणि लगेच ती प्रकाशाच्या रूपात टाकून देतो. वायू फार भरला तर इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला जागाच उरत नाही. फार कमी भरला तर आदळायला अणू सापडत नाहीत. म्हणून वायूचा दाब नेमका जमावा लागतो.

कोणता अणू कोणत्या रंगाचा प्रकाश टाकणार हे त्याच्या रचनेवर ठरलेलं असतं. निऑनचा रंग लाल-नारिंगी. तो बदलता येत नाही, म्हणून निळा हवा असेल तर वायूच वेगळा लागतो: आर्गॉन, आणि त्यात पाऱ्याचा एक थेंब. हिरवा, गुलाबी, पिवळा हवा असेल तर नळीच्या आतल्या बाजूला चमकणारी पूड लावतात किंवा काचच रंगीत घेतात. एखाद्या पाटीवर बारा रंग दिसत असले, तरी आत बहुतेक वेळा हे दोनच वायू असतात.

या नळीत तार नाही, त्यामुळे बल्बासारखं तार जळून जाण्याचं भय नाही. नीट बनवलेली नळी काही दशकं पेटत राहते. बिघडतं ते तिच्या आजूबाजूचं: ट्रान्सफॉर्मर जळतो, जुन्या वायरीचं आवरण उन्हाने तडकतं, पत्र्याच्या पेटीत पक्षी घरटं करतात, गारपिटीत काच फुटते. अनेक जुन्या पाट्यांमध्ये, सत्तर वर्षांनंतरही, काही मूळ नळ्या वीज दिल्यावर पेटतात ते यामुळेच.

काच वाकवणारे हात

निऑनची अक्षरं साच्यातून निघत नाहीत. आजही प्रत्येक नळी माणूस हाताने वाकवतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं आश्चर्य तेच आहे.

आधी अक्षरांचा खऱ्या मापाचा नकाशा कागदावर काढतात, आणि तो उलटा, आरशात दिसावा तसा. कारण नळी टेबलावर वाकवताना तिची जी बाजू खाली सपाट बसते, ती पाटीवर पुढे यायला हवी. कारागीर सरळ नळी ज्वाळेवर फिरवत धरतो. काच मऊ झाली, की ज्वाळेतून काढून नकाशावर ठेवायची आणि वळण द्यायचं. हातात काही सेकंदच असतात. नळीच्या एका टोकाला रबरी नळी जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक कारागिराच्या तोंडात. वळणावर काच आत दबू लागली, की तो हलकेच फुंकर घालून पोकळी पुन्हा गोल करतो. फुंकर कमी पडली तर वळण चपटं होतं, जास्त झाली तर फुगा येतो. दोन्हीकडे काच पुढे तडकण्याची भीती.

एका शब्दातली चार-पाच अक्षरं पुष्कळदा एकाच अखंड नळीची असतात. एक अक्षर संपलं, की नळी मागे वळवून पुढच्या अक्षराकडे नेतात आणि मधला तुकडा काळ्या रंगाने झाकतात. रात्री तो दिसत नाही. दिवसा जवळ जाऊन पाहिलं तर कारागिराने वाट कशी काढली ते सगळं उलगडतं.

वाकवून झाल्यावर नळी स्वच्छ करण्याचं काम उरतं, आणि तेच नळीचं आयुष्य ठरवतं. हवा उपसत असतानाच नळीतून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह सोडतात. काच आणि इलेक्ट्रोड इतके तापतात, की त्यांना चिकटलेली वाफ आणि मळ सुटून बाहेर निघतो. नळी पुरेशी तापली का, हे पाहायची जुन्या कारागिरांची रीत म्हणजे काचेवर कागदाचा कपटा ठेवायचा. तो तपकिरी पडला की झालं. मग वायू भरून नळीचं तोंड वितळवून बंद करायचं. या टप्प्यात घाई केलेली नळी काही महिन्यांत काळवंडते.

वाळवंटात इतक्या पाट्या कुठून आल्या

टूसॉन सोनोरा वाळवंटात आहे, मेक्सिकोच्या सीमेपासून शंभर-एक किलोमीटरवर. महामार्गांचं आजचं जाळं येण्याआधी देशाच्या दक्षिण भागातून पूर्व-पश्चिम जाणारा 80 क्रमांकाचा मार्ग आणि उत्तर-दक्षिण जाणारा 89 क्रमांकाचा मार्ग, दोन्ही शहरातून जात. वायव्येकडून शहरात शिरणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा 1930 च्या दशकात मुद्दाम रुंद आणि देखणा करून बांधला: मधोमध झाडं, दोन्ही टोकांना वर्तुळाकार चौक. नाव ठेवलं मिरॅकल माइल. त्याच्या आणि पुढच्या ड्रॅकमन स्ट्रीटच्या दुतर्फा मोटेलं उभी राहिली.

तेव्हा खोली आधी फोन करून ठेवायची पद्धत नव्हती. दिवसभर गाडी हाकून दमलेलं कुटुंब संध्याकाळी गावात शिरायचं आणि पाट्या बघत बघत मुक्काम ठरवायचं. गाडी वेगात, मुलं मागे कुरकुरतायत, अंधार पडतोय. अशा वेळी मोटेलवाल्याच्या हातात काही सेकंद असत. म्हणून पाटी उंच, बाण मोठा, आणि अक्षरांच्या जोडीला चित्र: सग्वारो निवडुंग, घोड्यावरचा काउबॉय, पाण्यात सूर मारणारी पोहण्याच्या पोशाखातली बाई. त्या सूर मारणाऱ्या बाया ॲरिझोनात ठिकठिकाणी दिसतात ते उगाच नव्हे. चाळीस अंशांच्या उन्हातून आलेल्या प्रवाशाला 'इथे पोहण्याचा तलाव आहे' हे एका चित्रात कळत असे.

सगळीच मोटेलं स्वस्तातली नव्हती. मिरॅकल माइलजवळचं घोस्ट रँच लॉज 1941 मध्ये सुरू झालं. मालक आर्थर पॅक यांची न्यू मेक्सिकोत याच नावाची जागा होती, आणि तिथे राहून चित्रं काढणाऱ्या जॉर्जिया ओकीफ यांनी त्यांना दिलेली गायीच्या कवटीची आकृती हीच लॉजची खूण झाली. विसाव्या शतकातल्या एका थोर चित्रकर्तीची रेघ रस्त्याकडच्या पाटीवर जाऊन बसली, ही गोष्ट मला फार आवडते. आता तिथे ज्येष्ठांसाठी परवडणारी घरं आहेत.

उतार लागला तो अनेक बाजूंनी. आंतरराज्य महामार्ग 10 शहराच्या कडेने गेला आणि वाहतूक तिकडे वळली. मोठ्या हॉटेल-साखळ्यांच्या पाट्या देशभर एकसारख्या असत, आणि आत ट्यूबलाइट बसवलेला प्लॅस्टिकचा खोका निऑनपेक्षा कितीतरी स्वस्त पडे. 1965 च्या संघराज्य कायद्याने महामार्गांलगतच्या जाहिरातींवर बंधनं घातली आणि झगमगत्या पाट्या म्हणजे कुरूपता, ही समजूत घट्ट झाली. मिरॅकल माइलची मोटेलं तासावर मिळू लागली; रस्ता इतका बदनाम झाला, की त्याच्या एका भागाचं नावच शहराने बदललं. त्याच काळात पाट्यांचे ते कडक नियम आले.

अंधार जपणाऱ्या शहरात निऑन कशाला?

टूसॉनची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती वरवर पाहता या पाट्यांच्या विरोधात जाते. शहरापासून सुमारे 90 किलोमीटरवर किट पीकची राष्ट्रीय वेधशाळा आहे. आकाश काळं राहावं म्हणून टूसॉन परिसरात 1972 पासून बाहेरच्या दिव्यांवर नियम आहेत. काळोखं आकाश जपण्यासाठी जगभर काम करणारी संस्थासुद्धा 1988 मध्ये इथेच सुरू झाली. मग याच शहराने झगमगत्या पाट्या का जपाव्यात?

उत्तराचा एक भाग भौतिकशास्त्रात आहे. निऑनचा प्रकाश लाल-नारिंगी पट्ट्यातल्या मोजक्या रेषांचा असतो. लाल प्रकाश हवेत कमी विखुरतो, निळा फार विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. आजचे पांढरे एलईडी फलक निळा प्रकाशही भरपूर टाकतात, आणि तो आकाशात दूरवर पसरतो. खगोलशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं आवडत आलेले पिवळे कमी दाबाचे सोडियम दिवे निऑनचे सख्खे शेजारी: सुरू व्हायला मदत म्हणून त्यांच्या आत निऑन भरलेला असतो, आणि पेटताना पहिली काही मिनिटं ते लालच दिसतात. पारा घातलेल्या निळ्या नळ्यांना ही सवलत देता येत नाही, हे मान्य. पण काही डझन पाट्यांचा एकूण प्रकाश शहराच्या पार्किंगच्या दिव्यांपुढे किरकोळ आहे. काळोखाच्या आणि निऑनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एकमेकांशी भांडावं असं मला इथे काही दिसत नाही.

कलम बदललं

जून 2011 मध्ये टूसॉनच्या नगर परिषदेने ऐतिहासिक पाट्यांसाठी वेगळा नियम मंजूर केला. स्थानिक वारसा संवर्धन संस्था, पाट्या बनवणारे कारागीर आणि शहराचे अधिकारी यांनी मिळून तो घडवला. त्याचा गाभा सोपा आहे. पाटी किती जुनी, कशा कारागिरीची, शहराच्या इतिहासात तिची जागा काय, हे तपासायचं. ती या कसोटीला उतरली, तर नव्या पाट्यांची मापं तिला लावायची नाहीत. ती उतरवून दुरुस्त करता येते आणि परत चढवता येते. मूळ जागा उरलीच नसेल, तर दुसरीकडे हलवताही येते.

हलवण्याची ही मुभा फार महत्त्वाची ठरली. मोटेल पाडलं, जमीन विकली, आणि पाटी कुणाच्या तरी परसात पडून आहे, अशी प्रकरणं बरीच होती. पिमा कम्युनिटी कॉलेजने आपल्या शहरातल्या आवाराच्या कडेला, ड्रॅकमन स्ट्रीटवर, अशा चार पाट्या दुरुस्त करून उभ्या केल्या: ट्रॉपिकाना मोटेल, कॅन्यन स्टेट मोटर लॉज, मॅजिक कार्पेट गोल्फ आणि मेडिनाज नावाचं खेळाच्या सामानाचं दुकान. चौघांपैकी एकही धंदा आता चालू नाही. पण रस्ता तोच जुना महामार्ग आहे, आणि पाट्या ज्या उंचीवर, ज्या अंतरावरून दिसायच्या, तशाच दिसतात. शहराच्या मध्यभागी पुएब्लो हॉटेलची सूर मारणारी बाईही अशीच परत पेटली. 2017 मध्ये मिरॅकल माइलचा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेला.

पाटी दुरुस्त करताना

दुरुस्तीची सुरुवात फोटोंनी होते. प्रत्येक बाजूचे, प्रत्येक नळीचे. मग काच काढतात. साबूत नळ्यांना क्रमांक देऊन वेगळ्या ठेवतात. पत्र्याची रिकामी पेटी समोर आली, की खरा तपास सुरू होतो. जुन्या चांगल्या पाट्यांच्या पत्र्यावर इनॅमल चढवलेलं असे, जुन्या इनॅमलच्या भांड्यांवर असतं तेच, आणि ते रंग ॲरिझोनाच्या उन्हातही दशकानुदशकं टिकतात. स्वस्त पाट्यांवर नुसता रंग मारलेला. तो मालक बदलेल तसा बदलत गेला. थर खरवडत गेलं, की खालून जुनी अक्षरं डोकं वर काढतात.

पत्र्यावरची भोकं तर बोलकी असतात. नळीची टोकं पत्र्यातून मागे जातात आणि मध्ये तिला काचेचे छोटे आधार लागतात. या सगळ्यांसाठी भोकं पाडलेली असतात. नळ्या केव्हाच नाहीशा झाल्या तरी भोकांची ओळ जोडत गेलं, की मूळ रेघ सापडते. बुजवलेली भोकं दिसली तर समजायचं, की याआधी इथे दुसरंच काही लिहिलेलं होतं. रंगाचं कोडं जास्त अवघड, कारण जुने फोटो बहुतेक कृष्णधवल. मोटेलांनी छापलेली रंगीत पोस्टकार्डं तिथे कामी येतात, पण छापखान्याने रंग भडक केलेले असतात, तेव्हा त्यांच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. पेटीच्या तळाशी काचेचे जुने तुकडे पडलेले सापडले, तर त्याहून चांगला पुरावा नाही. तुकड्याच्या आतल्या पुडीवरून आणि काचेच्या रंगावरून नळी कोणत्या रंगाची होती हे ठरवता येतं.

वायरिंग आणि ट्रान्सफॉर्मर मात्र नवे घालावेत, यावर फारसा वाद नाही. दहा-पंधरा हजार व्होल्टला जुनी तडकलेली वायर ठेवणं म्हणजे आग लागायची वाट बघणं. नवे ट्रान्सफॉर्मर वीज जमिनीकडे गळू लागली, की आपोआप बंद पडतात.

वाद होतो तो रंगावर. पाटी कोणत्या वर्षाची करायची? उद्घाटनाच्या दिवशी होती तशी चकचकीत, की उन्हाने फिकी झालेल्या रंगासह? काही जण गंज आणि फिका रंग तसाच राखून त्यावर संरक्षक लेप देतात आणि फक्त दिवे नवे करतात. माझा कल पेटणाऱ्या नळ्या आणि शक्य तितका मूळ रंग यांच्या बाजूला आहे. पत्र्याचा गंज हा काळाचा खरा भाग आहे. विझलेली नळी मात्र पाटीचं कामच हिरावून घेते.

तसंच एलईडीचं. निऑनची नक्कल करणारी एलईडीची लवचीक पट्टी स्वस्त पडते, वीज कमी खाते, फुटत नाही, तिच्यात पारा नाही. नव्या दुकानाने ती लावली तर हरकत घ्यायचं कारण नाही. जुन्या पाटीवर ती लावून दुरुस्ती झाली असं म्हणणं मात्र मला पटत नाही. निऑनची नळी सगळ्या बाजूंनी उजळते, तिचा उजेड मागच्या पत्र्यावर सांडतो आणि रंगवलेलं अक्षर त्या उजेडात भिजतं. पट्टीचा प्रकाश पुढेच जातो. शिवाय प्लॅस्टिक उन्हात पिवळं पडतं, आणि पट्टी बिघडली की अख्खी फेकावी लागते. नळी पुन्हा उपसून भरता येते.

संग्रहालय की रस्ता

लास व्हेगासने वेगळी वाट घेतली, आणि तिलाही कारण आहे. तिथल्या अनेक पाट्या कॅसिनोंच्या मालकीच्या नव्हत्याच. यंग इलेक्ट्रिक साइन कंपनीसारख्या, 1920 मध्ये सुरू झालेल्या पाटी बनवणाऱ्या कंपन्या पाटी भाड्याने देत आणि देखभालही करत. कॅसिनो बंद पडला, की पाटी कंपनीच्या आवारात परत. तिथे त्या साचत गेल्या, आणि त्यांतूनच 1996 मध्ये निऑन म्युझियम ही संस्था उभी राहिली. हॅसिएंडा हॉटेलचा निऑनचा घोडेस्वार ही तिने दुरुस्त करून त्याच वर्षी रस्त्यावर उभी केलेली पहिली पाटी. ला कोंचा मोटेलची शिंपल्याच्या आकाराची दर्शनी इमारत, स्थापत्यकार पॉल रेव्हिअर विल्यम्स यांनी 1961 मध्ये बांधलेली, तुकडे करून हलवली आणि तिलाच संग्रहालयाचं प्रवेशदालन केलं. ते 2012 मध्ये लोकांसाठी उघडलं. आवारातल्या बऱ्याच पाट्या अजून विझलेल्याच आहेत आणि त्यांच्यावर बाहेरून उजेड टाकलेला असतो.

पंचवीस मीटर उंचीची पाटी ठेवायला दुसरी जागा नसते तेव्हा हे बरोबरच आहे. पण रस्त्याकडची पाटी गाडीतून, लांबून, हळूहळू जवळ येताना पाहण्यासाठी घडवलेली होती. आवारात तिच्या पायाशी उभं राहिलं तर अक्षरं अवाढव्य लागतात आणि वाचता येत नाहीत. म्हणून शक्य असेल तिथे मी टूसॉनच्या बाजूने आहे: मूळ जागी, नाही तर त्याच रस्त्यावर. संग्रहालय टूसॉनमध्येही आहे. इग्नाइट साइन आर्ट म्युझियम 2018 मध्ये पाट्या बनवण्याच्याच व्यवसायातल्या एका दांपत्याने सुरू केलं, आणि तिथे जपलेल्या गोष्टींत पाट्यांइतकाच हा धंदाही येतो. नळी वाकवणारे हात उरले नाहीत, तर उत्तमातला उत्तम नियम असूनही फुटलेली नळी बदलायला कोणी नसेल.

पाटी पेटली की खर्च संपत नाही. वीज, विमा, दर काही वर्षांनी रंग, आणि वादळानंतर फुटलेली काच. दुरुस्तीसाठी देणगी द्यायला लोक उत्साहाने पुढे येतात. पाचव्या वर्षीच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तितके येत नाहीत. कॉलेजसारखी एखादी टिकाऊ संस्था पाटीची जबाबदारी घेते, तेव्हा हा प्रश्न बराचसा सुटतो, म्हणून ड्रॅकमन स्ट्रीटची रचना मला विशेष शहाणपणाची वाटते.

ग्रँड कॅन्यन पाहायला आपल्याकडून जाणारे बरेच जण फिनिक्स आणि लास व्हेगास करून परत फिरतात. टूसॉन फिनिक्सपासून गाडीने दोन तासांच्या आत आहे. ड्रॅकमन स्ट्रीटवर सूर्य मावळताना पोहोचावं. त्या अर्ध्या तासात रंगवलेला पत्रा आणि पेटलेली नळी दोन्ही एकदम दिसतात. पूर्ण काळोख झाला की नुसत्या रेषा उरतात. वाटेत फिनिक्सजवळच्या मेसा गावात स्टारलाइट मोटेल लागतं. तिथली 1960 ची पाटी ऑक्टोबर 2010 च्या वादळात कोसळली होती. लोकांनी लाखाहून अधिक डॉलर जमवले आणि 2013 मध्ये ती पुन्हा उभी राहिली. तिच्यावर एकीखाली एक अशा तीन बाया आहेत, एकाच उडीच्या तीन अवस्था. त्या क्रमाने पेटतात आणि विझतात, म्हणून पाहणाऱ्याला एकच बाई वरून पाण्यात झेपावताना दिसते. इथे मात्र अंधार पडल्यावरच जायला हवं. दिवसा तिघी एकदम दिसतात आणि उडी दिसत नाही.